निळ्याचा जांभळा होणारा 'जादूचा' लिंबू सोडा: ग्लासात नक्की घडतं काय?

गेल्या महिनाभरात हा एकच व्हिडिओ मला किती जणांनी पाठवला असेल याची मोजदाद नाही. उंच काचेचा ग्लास, त्यात दौतीतल्या शाईसारखं निळं पाणी, वरून कोणीतरी लिंबू पिळतं आणि बघता बघता सगळं जांभळं. खाली दरवेळी तेच प्रश्न, हा फूड कलर आहे का, केमिकल आहे का, पोरांना दिलं तर चालेल का. आणि नेमका त्याच वेळी माझ्या भाचीचा नववा वाढदिवस आला, ती हल्ली एक गेम खेळते ज्यात जादूगाराची निळी बाटली प्यायली की गेलेली शक्ती परत येते, तर तिने मला फोनवर स्पष्ट सांगितलं, "आत्या, पिवळं सरबत नको, जादूगार पितात तसलं निळं पाहिजे आणि त्यात बुडबुडे पाहिजेत."

मग तीन रविवार मी यातच घातले. करता करता लक्षात आलं की या ग्लासात दोनच गोष्टी आहेत, रंग आणि बुडबुडे, आणि दोन्हींचं नातं आंबटपणाशी आहे. तेवढं एकदा समजलं की रंगाची बाटली, चमकी, धूर यातलं काहीच विकत आणावं लागत नाही. म्हणून जरा मुळापासून सांगते.

निळा रंग येतो कुठून?

गोकर्णीच्या फुलातून. कुंपणावर, गच्चीतल्या कुंडीत, देवळाच्या आवारात जो नाजूक वेल असतो आणि ज्याला गाईच्या कानासारखी निळी फुलं येतात तोच. काही जण अपराजिता म्हणतात. आपण ती देवाला वाहतो, थायलंडमध्ये तिचं सरबत करून पितात, तिथे तिला अंचन म्हणतात, आणि मलेशियात तर या फुलांच्या पाण्यात भात शिजवून निळा भात करतात. म्हणजे रीलवाल्यांनी काही नवीन शोधून काढलेलं नाही.

करायचं काय, तर ताजी आठ-दहा किंवा सुकवलेली दहा-बारा फुलं घ्यायची, मागचा हिरवा देठ काढून टाकायचा (तो राहिला की पाण्याला गवताचा वास येतो, पहिल्या रविवारी माझं तेच झालं), कपभर गरम पाण्यात पाच-सात मिनिटं झाकून ठेवायचं आणि गाळून घ्यायचं. खळाखळा उकळायचं नाही. फुलं पांढरीफटक होतात आणि पाणी गर्द निळं. चव म्हणाल तर जवळजवळ नाहीच, थोडी उकडलेल्या घेवड्याच्या पाण्यासारखी. चवीचं काम लिंबाचं आणि साखरेचं, हे फूल फक्त रंगाला.

पांढऱ्या गोकर्णीचा उपयोग नाही हे सांगायला नको, पण एका मैत्रिणीने तीच आणली होती म्हणून सांगितलं.

मग लिंबू पिळल्यावर रंग बदलतो कसा?

आधी हळद आठवा. पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली, डाग पिवळा, साबण लावला की तोच डाग लालभडक. वाळत घालेपर्यंत साबण धुऊन गेला की परत पिवळा. हळदीत चुना कालवला तरी लाल होते. शाळेत जास्वंदीच्या पाकळ्या घासून केलेले कागद आठवत असतील तर तेही हेच, त्याला पुस्तकात 'दर्शक' म्हणायचे. आंबट काय आणि साबणासारखं क्षारी काय हे स्वतःचा रंग बदलून दाखवतो तो दर्शक. गोकर्ण हा तसलाच एक दर्शक आहे, फक्त फार देखणा.

आंबटपणा मोजायची जी पट्टी असते तिला सामू म्हणतात, बोलताना आपण पीएच म्हणतो. साधं पाणी ७ च्या आसपास, त्याच्या खाली आंबट, वर क्षारी. यात एक मेख आहे जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ही पट्टी जिन्याच्या पायऱ्यांसारखी सरळ नाही, एक पायरी खाली आलं की आंबटपणा दहापट वाढतो. दोन पायऱ्या म्हणजे शंभरपट. लिंबाचा रस २ ते अडीचच्या घरात असतो, म्हणजे पाण्यापासून साडेचार-पाच पायऱ्या खाली. म्हणून ग्लासभर पाण्यात चमचाभर लिंबू पडलं तरी फुलाच्या दृष्टीने सगळं जग बदलतं.

आता फुलाच्या बाजूने. जांभळं खाल्ल्यावर जीभ रंगते, कोकमाचं सरबत लालभडक दिसतं, त्या सगळ्यामागे अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचं कुटुंब आहे. गोकर्णीतलं रंगद्रव्य त्यातलंच. आंबट पाण्यात हायड्रोजनचे कण जास्त मोकळे फिरत असतात, ते या रंगद्रव्याच्या रेणूला चिकटतात, रेणूची ठेवण जराशी बदलते, आणि ठेवण बदलली की तो प्रकाशातला वेगळा भाग गिळायला लागतो. जो भाग गिळला जात नाही तो आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. एवढंच. काही जळत नाही, काही तयार होऊन विषारी होत नाही, तोच रेणू अंग जरा वेगळ्या बाजूला वळवून बसतो.

इतर बरीच फुलं आंबटाचा नुसता वास लागला तरी लाल-गुलाबी होतात, गोकर्ण मात्र बऱ्यापैकी टिकून निळी राहते. तिच्या रेणूला बाजूला लांब लांब फांद्या असतात आणि त्या मधल्या रंगाच्या भागावर दुमडून बसतात, पिल्लांवर पंख पसरून बसलेल्या कोंबडीसारख्या, त्यामुळे आंबट चटकन आत पोचत नाही. म्हणून सामू ४ पर्यंत खाली आला तरी निळा, ३ च्या जवळ जांभळा, आणि त्याहून खाली ढकललं तर गुलाबीकडे झुकतो. पिण्यालायक लिंबू सरबत साधारण ३ च्या आसपासच असतं, म्हणून आपल्याला जांभळा मिळतो. व्हिडिओत चकचकीत गुलाबी दिसत असेल तर एकतर लिंबू तोंड वाकडं होईल इतकं घातलंय किंवा फिल्टर आहे.

सोडाही आंबटच असतो, मग तो घातल्यावर रंग का बदलत नाही?

हा प्रश्न मला भाचीने विचारला आणि मला तो फार आवडला. सोडा म्हणजे पाण्यात दाबाने विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड. त्यातला थोडा पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल होतो, साध्या सोड्याची जिभेवरची ती झिणझिण बरीचशी त्याचीच. पण हे आम्ल मवाळ, सामू ४ च्या आसपास थांबतो. म्हणजे गोकर्णीच्या उंबरठ्यावर. म्हणून नुसत्या सोड्यात निळं पाणी ओतलं तर ते निळंच राहतं, फार तर किंचित जांभळट झाक येते, आणि लिंबू आलं की उंबरठा ओलांडतं. आपल्या 'जादू'ला ही गोष्ट फारच सोयीची आहे, कारण बुडबुडे आधी आणि रंगबदल नंतर असं दोन टप्प्यांत दाखवता येतं.

बुडबुडे बाटलीत राहतात कसे आणि पळतात का?

पाण्यात गॅस ठासणं म्हणजे सुट्टीच्या दिवसातली एसटी. कंडक्टर "पुढे सरका, पुढे सरका" करत राहतो तोवर माणसं आत मावतात, तो दाब म्हणजे झाकण लावलेली बाटली. स्टँड आला, दार उघडलं की सगळे एकदम बाहेर, ते म्हणजे झाकण उघडल्यावरचं फस्स. आणि मे महिन्याच्या दुपारी त्या गर्दीत कोणालाच थांबवत नाही, थंडीत मात्र लोक गुमान दाटीवाटीने बसतात. गॅसचं अगदी तसंच. साध्या दाबाला शून्य अंशाच्या गार पाण्याच्या एका लिटरात साधारण ३.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळू शकतो, २५ अंशाला त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून कोमट सोडा ओतला की नुसता फेस होतो आणि पिताना पाणी लागतं. ग्लास, पाक, फुलाचं पाणी, लिंबू सगळं आधी फ्रिजमध्ये गार केलेलं पाहिजे, एकटा सोडा गार असून भागत नाही. घरच्या सोड्याच्या बाबतीत माझा एकच हट्ट असेल तर तो हा.

पाण्यात मुद्दाम गॅस मिसळण्याचा उद्योग जोसेफ प्रिस्टलीने १७६७ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स गावी केला, शेजारच्या बिअरच्या भट्टीतल्या गॅसवर पाणी धरून. आणि आपली गोटी सोड्याची बाटली, जी जत्रेत आणि एसटी स्टँडवर अंगठ्याने दाबून टॉक्क करून उघडायचे, ती हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची १८७२ ची युक्ती. तिला वेगळं झाकणच नाही, आतल्या गॅसचाच दाब काचेच्या गोटीला मानेतल्या रबराच्या कडीवर घट्ट बसवून ठेवतो, म्हणजे जो पळायला बघतोय तोच दार लावून बसलाय. मला ही बाटली अजूनही कुठल्याही कॅनपेक्षा हुशार वाटते.

दुसरी गोष्ट, बुडबुड्याला जन्मायला खडबडीत जागा लागते. गाडीवरचा सोडावाला मीठ-मसाला टाकतो आणि ग्लास उतू जातो तो त्या बारीक कणांमुळे, प्रत्येक कणावर शेकडो बुडबुडे एकदम धरतात. म्हणून मीठ घालायचं असेल तर आधी पाकात पूर्ण विरघळवा, सोड्यावर टाकू नका. याच गोष्टीचा एक सुंदर उपयोग आहे: भिजवून फुललेला चमचाभर सब्जा सोड्यात सोडा. प्रत्येक बीवर बुडबुडे चिकटतात, बी हलकी होऊन वर येते, वर आल्यावर बुडबुडे फुटतात, परत खाली जाते, परत वर. भाची आणि तिच्या मैत्रिणी हनुवटी टेबलावर टेकवून किती तरी वेळ ते बघत होत्या, त्यांनी त्याला ड्रॅगनची अंडी म्हणून टाकलं. आम्हाला लहानपणी कोणी सब्ज्याकडे असं बघायला शिकवलं नव्हतं.

कोणतं लिंबू? संत्रं, मोसंबी चालेल का?

रंग बदलायला कागदी लिंबूच. मोसंबीत आंबटपणा फार कमी, तिने रंग धड बदलत नाही. शिवाय तिचा रस काढून ठेवला की काही तासांत कडवट होतो हे सगळ्यांनी अनुभवलंय, रसातलाच एक पदार्थ आंबटात हळूहळू बदलून कडू होतो म्हणून तसं होतं. नागपुरी संत्र्याची चव सुरेख, पण नारंगी रस आणि निळं पाणी एकत्र आलं की गढूळ मातकट रंग येतो, दुसऱ्या रविवारी मी तो पाहिला आणि ओतून दिला.

पण म्हणून संत्रं सोडू नका, त्याची साल वापरा. या फळांचा खरा सुगंध रसात कमी आणि सालीच्या वरच्या पातळ थरातल्या तेलात जास्त असतो, साल डोळ्यासमोर दुमडली की जे झोंबतं तेच. एका संत्र्याची आणि दोन लिंबांची फक्त वरची रंगीत साल सोलाण्याने काढायची, खालचा पांढरा भाग कडू असतो तो येऊ द्यायचा नाही, आणि अर्धी वाटी साखरेत ती साल बोटांनी चांगली चुरून दोन तास झाकून ठेवायची. साखर सालीतलं तेल ओढून घेते आणि ओलसर होते, त्या वेळी तो डबा उघडून बघाच, स्वयंपाकघरात बाग आल्यासारखं वाटतं. मग अर्धी वाटी गरम पाणी घालून साखर विरघळवायची, गाळायचं, गार करायचं. हा पाक, रंगाला फिकट आणि वासाला संत्रं.

आता ग्लास भरायचा क्रम

क्रम चुकला की जादू गेली, म्हणून नीट सांगते. साधारण ३०० मिलीच्या ग्लासात तळाला दोन-अडीच मोठे चमचे पाक आणि एका रसाळ लिंबाचा रस, ढवळून घ्या. त्यावर बर्फ, अगदी काठापर्यंत. मग ग्लास तिरका धरून कडेने गार सोडा, पाऊण ग्लास होईपर्यंत, हळू. शेवटी चमचा उलटा बर्फाला टेकवून त्याच्या पाठीवरून गोकर्णीचं गार पाणी बारीक धारेने सोडा. साखरेचं पाणी जड म्हणून खाली बसतं, फुलाचं बिनसाखरेचं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं. वरती निळा थर, त्याखाली जिथे दोघं भेटतात तिथे जांभळे धागे उतरायला लागतात, धुक्यासारखे, आणि तळ अजून स्वच्छ. तो अर्धा मिनिट बघण्यासारखा असतो. मग ज्याचा ग्लास त्याने स्वतः ढवळायचं.

लहान मुलांसाठी दुसरी पद्धत बरी, निळा गोड सोडा आधी भरून द्यायचा आणि लिंबाची फोड हातात द्यायची. मंत्र त्यांचा ते म्हणतात.

लाल बाटलीही पाहिजे असं फर्मान आलं तर कोकमाचा आगळ आणि सोडा, मध्ये काही करावं लागत नाही.

खाण्याचा सोडा घालून घरीच बुडबुडे केले तर?

होतात, पण मी सांगणार नाही. खाण्याचा सोडा आणि लिंबू भेटले की गॅस निघतो हे खरं, पण निघतो तो उघड्या ग्लासात, दाबाशिवाय, म्हणजे कंडक्टरच नाही, बहुतेक सगळा फेसाबरोबर उडून जातो. आणि त्या बदल्यात सोडा लिंबाचा आंबटपणा खाऊन टाकतो, साधारण पाव चमच्याने एका लिंबाची आंबट चव संपते. उरतं ते खारट, साबणासारखं लागणारं पाणी. शिवाय पाव चमच्यात जवळपास ३०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅम सांगते, तेव्हा बीपीवाल्यांनी तर लांबच राहा.

दुकानातली साध्या सोड्याची बाटली उत्तम. सिलिंडरवालं घरगुती मशीन असेल तर फक्त गार साध्या पाण्यात गॅस भरा, पाक आणि फुलाचं पाणी नंतर. आलं-साखर आंबवून बुडबुडे करायचीही एक पद्धत आहे, चव छान येते, पण त्यात थोडा अल्कोहोल तयार होतो आणि दाब किती झाला ते बाहेरून कळत नाही. माझी एक काचेची बाटली ओट्यावर फुटली, सुदैवाने रात्री, तिथे कोणी नव्हतं. तेव्हापासून आंबवलेलं काहीही फक्त प्लास्टिकच्या बाटलीत, ती दाबून कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये, आणि पोरांच्या वाढदिवसाला तर नाहीच.

हे फूल पोटात जाणं सुरक्षित आहे का?

इथे दोन्ही बाजू माहीत असाव्यात. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०२१ मध्ये गोकर्णीच्या फुलाच्या अर्काला सोड्यासह काही पेयांमध्ये रंग म्हणून परवानगी दिली. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने मात्र २०२२ मध्ये सुकवलेल्या फुलांना पारंपरिक अन्न म्हणून मान्यता देण्यावर आक्षेप घेतला, या झाडात सायक्लोटाइड नावाची छोटी प्रथिनं असतात आणि त्यांच्याबद्दल पुरेशी माहिती दिलेली नाही असं त्यांचं म्हणणं. दक्षिण-पूर्व आशियात लोक पिढ्यानपिढ्या पितात. मी यातून काय घेते, तर सणावाराला एखादा ग्लास ठीक, रोज लिटरभर 'ब्लू टी' औषध म्हणून पिऊ नये, वजन उतरेल, डोळे सुधारतील या दाव्यांवर तर अजिबात नाही. गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय टाळावं. बिया आणि मुळं कोणीच घेऊ नयेत, त्या जुलाबाच्या औषधात वापरतात. आणि फुलं घरच्या वेलाची, बाजारातली पूजेची फुलं खाण्यासाठी पिकवलेली नसतात, त्यांच्यावर काय फवारलंय ते आपल्याला माहीत नसतं.

साखरेचं म्हणाल तर माझ्या ग्लासात साधारण २० ग्रॅम येते, गोड कोलाच्या तेवढ्याच ग्लासात ३० च्या वर. कमी आहे, पण नाही असं नाही.

चमकी आणि धूर?

यावर मात्र मी कोणाशी चर्चा करत नाही. क्राफ्टच्या दुकानातली चमकी हे प्लास्टिक असतं. पाकिटावर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलंय म्हणजे ते खायचं आहे असं होत नाही, अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने २०१८ मध्ये लोकांना हे मुद्दाम बजावलं होतं.

आणि ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. हाच सोड्यातला गॅस, पण त्या अवस्थेत तोंडाला लागला तर मांस भाजतं. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात जेवणानंतर मुखवास समजून पाच जणांनी तो तोंडात टाकला आणि त्यांच्या तोंडातून रक्त आलं, सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंय. नऊ वर्षांच्या मुलांच्या ग्लासात तो तळाशी पडलाय आणि आपण फोटो काढतोय हे चित्र मला सहन होत नाही. धुकंच पाहिजे तर वर सांगितलेले जांभळे धागे बघा.

परत निळं होईल का?

पार्टी संपताना भाचीने हे विचारलं आणि होय, होतं. उरलेल्या जांभळ्या ग्लासात चिमटीने थोडा थोडा खाण्याचा सोडा टाकत जा, आंबट मरत जाईल तसा रंग उलटा प्रवास करतो, जांभळा, मग निळा, आणि सोडा जास्तच झाला तर हिरवट. म्हणूनच पाणी फार क्षारी असलं की काहींचा काढा पहिल्यापासून हिरवट येतो, त्यांनी फिल्टरचं पाणी वापरून बघावं. हा ग्लास प्यायचा नाही, बघायचा. आणि खाली परात ठेवा, कारण फेस काठावरून बाहेर येतो, आमचा टेबलक्लॉथ अजून एका कोपऱ्यात निळसर आहे, लिंबाची फोड लावली की तिथे जांभळा ठिपका उमटतो, तो खेळ तिने दुसऱ्या दिवशीही केला.